अर्धे घर आखणारा वास्तुकार

जर्मनीतील व्हिट्रा डिझाइन म्युझियममध्ये २०१९ साली वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून तिकडे जाणे शक्यच नव्हते, तेव्हा त्याची छायाचित्रे आणि त्यावरील लेख यांवरच मी समाधान मानले.

पुण्यात जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये ख्यातनाम वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात काम केलेल्या दोशींना २०१८ साली वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मला अधिक ओढ वाटली ती त्यांच्या रेखाटनांची. जुन्या लघुचित्रांप्रमाणे एकाच कागदावर इमारतीचा आराखडा, दर्शनी बाजू, झाडे आणि माणसे एकत्र मांडण्याची त्यांची पद्धत होती, त्यामुळे भिंतींबरोबर तिथल्या वावराचाही विचार सुरुवातीपासूनच होत असावा.

इंदूरची ‘अरण्य’ वसाहत याच विचारातून उभी राहिली. तिथे गरीब कुटुंबांना जोते, संडास-न्हाणी आणि पाण्याची सोय असलेला भूखंड देऊन उरलेले घर ऐपतीप्रमाणे वाढवण्याची मुभा ठेवली होती. नमुन्यादाखल ८० घरे तेवढी बांधून दाखवली. वास्तुकाराने स्वतःहून काम अर्धे सोडणे मला फार धाडसाचे वाटते.

आमच्याकडे घरकुलाचा हप्ता येतो, जोते होते, भिंती उठतात. पण वेचलेला कापूस कुठे ठेवायचा, याचे उत्तर नकाशात नसते, म्हणून लोक पुढे टिनाची पडवी ओढतात.