गरज होती म्हणून मान लांब झाली नाही

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. सीबीएसईच्या शाळांत चालणारी पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२२ मध्ये दहावीतला उत्क्रांतीचा भाग वगळला. त्यामुळे नागपुरातल्या सीबीएसईच्या मुलांना तो थेट बारावीत भेटतो, तेही जीवशास्त्र घेतलं तरच. हे नुकसान मोठं आहे. पण पुस्तकात धडा असूनही तो पटत नाही, याला अनेकदा वर्गातलं एकच वाक्य पुरतं: ‘जिराफाला उंचावरचा पाला हवा होता, म्हणून मान लांब झाली.’ हा लामार्कचा विचार, डार्विनचा नव्हे. ‘गरज’ एकदा डोक्यात बसली की नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जास्त टिकतात आणि त्यांचीच पिल्लं वाढतात हा डार्विनचा विचार, आत शिरत नाही.

म्हणून आधी ठिपक्यांचा खेळ घ्या. बारीक मजकुराचं वर्तमानपत्राचं पान बाकावर पसरा. वर्तमानपत्र, पांढरा कागद आणि नारिंगी कागद यांतून एकाच पंचिंग मशीनने प्रत्येकी २० ठिपके पाडा आणि पानावर विखरा. मूग-चवळी वापरू नका. दाण्यांचा आकार वेगळा असला की मुलं रंग नाही, आकार वेचतात. पंखा बंद हवा, एप्रिलच्या उकाड्यातही. चार मुलं ‘पक्षी’ होतात: पाठ करून उभं राहायचं, वळून दिसेल तो पहिला ठिपका उचलायचा, पुन्हा पाठ. हाताने चाचपडायचं नाही, नाहीतर डोळ्यांची निवड होतच नाही. ४५ ठिपके गेले की थांबा. उरलेल्या १५ पैकी प्रत्येकाला त्याच रंगाची तीन पिल्लं द्या. पुन्हा ६० होतात. अशा तीन पिढ्या करा आणि दर पिढीची मोजणी फळ्यावर लिहा. मोजणी गाळली तर उरते ती नुसती करमणूक.

आता विचारा, एखाद्या तरी ठिपक्याने रंग बदलला का? एकानेही नाही. बदललं ते प्रमाण. मग पानाऐवजी नारिंगी कागद अंथरा. नारिंगी ठिपके आधीच संपले असतील, तर गरज कितीही असो, ते परत येत नाहीत. इथे घाई करू नका, मुलांना गप्प बसून बघू द्या. नवा रंग कुठून येतो ते दाखवायला दर पिढीत एका पिल्लाचा रंग चिठ्ठी टाकून ठरवा. हे उत्परिवर्तन, खाली कुठला कागद आहे हे त्या चिठ्ठीला ठाऊक नसतं.

‘मग आजची माकडं माणसं का होत नाहीत?’ हा प्रश्न पालकही विचारतात. आपण चुलतभावापासून जन्मत नाही, दोघांचे आजोबा एक असतात. चिंपांझी आणि आपण यांचे सामाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचे.

उत्क्रांतीचा पुरावा लांब शोधायला नको. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात नागपूरजवळच्या टाकळीतून जीवाश्म गोळा केले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळालेल्या डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे डायनासोरांच्या काळी गवत होतं.

पृथ्वीच्या जन्मापासूनचा काळ दाखवायला ४.६ मीटरची कागदी पट्टी घ्या, १ मिलिमीटर म्हणजे १० लाख वर्षं. डायनासोर संपले ती खूण शेवटापासून ६.६ सेंटीमीटरवर येते. आपली प्रजाती सुमारे ३ लाख वर्षांची, म्हणजे ०.३ मिलिमीटर. तिथे स्केचपेन चालत नाही, पेन्सिलीला बारीक टोक काढून घ्या.