पाकिटावरचा पत्ता

रविवार, रात्री साडेदहा

अखेर टायनीप्रॉक्सी, म्हणजे घरचा संगणक आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा मध्यस्थ सर्व्हर, चालू झाला. कपाटात पडून असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डेबियन लिनक्स होतंच, त्यामुळे पॅकेज दोन मिनिटांत बसलं. स्क्विड या दुसऱ्या प्रॉक्सीचाही विचार केला होता, पण मला पानं साठवून ठेवायची नव्हती. लेकीच्या अभ्यासाच्या संगणकावर मोजक्याच साइट उघडाव्यात, एवढंच हवं होतं. दोनेक एमबी मेमरीत भागवणारा हा चिमुकला सर्व्हर त्याला पुरेसा आहे.

सुरुवातीचा अर्धा तास '४०३', म्हणजे 'प्रवेश नाही' हा संदेश, पाहण्यात गेला. पोर्ट (दाराचा क्रमांक) ८८८८ बरोबर, पत्ता बरोबर, तरी दार बंद. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचल्यावर उलगडा झाला: कोणाला आत घ्यायचं ते सांगणाऱ्या 'अलाउ'च्या ओळींत फक्त १२७.०.०.१, म्हणजे पायला स्वतःलाच प्रवेश. त्या ओळी पुसल्या असत्या तर लगेच चाललं असतं, पण मग तो येईल त्याला आत घेतो. म्हणून घरचं नेटवर्क, १९२.१६८.१.०/२४, तेवढंच लिहिलं.

मग फिल्टर. 'फिल्टरडिफॉल्टडिनाय' चालू केलं की यादीत नाही ते सगळं बंद. यादी करायला लेक शेजारी बसली होती. मराठी विकिपीडिया उघडला, पण चित्रं गायब! ती अपलोड डॉट विकिमीडिया डॉट ऑर्गवरून येतात, हे तिनंच शोधून काढलं. मला फार आनंद झाला.

मग तिनं विचारलं, "बाबा, मी काय वाचते ते तुला इथे दिसणार?"

नाही म्हटलं. एचटीटीपीएसमध्ये ब्राउझर प्रॉक्सीला फक्त साइटचं नाव आणि पोर्ट सांगतो, पुढचं सगळं कुलूपबंद जातं. पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र नाही.

"पण पत्ता दिसतो ना? आणि वेळ?"

दिसतो. समोर लॉग सरकतच होता, सेकंदासकट. मी साइटना आवर घालायला बसलो होतो, तिच्यावर पाळत ठेवायला नाही. पण किती नोंदवायचं ते ठरवणारं 'लॉगलेव्हल' 'इन्फो'वर असताना दोन्ही एकच होतं. 'नोटिस'वर आणलं तरी अडवलेल्या साइटची नावं राहतात. म्हणून 'वॉर्निंग' केलं, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि आतापर्यंतचा लॉग तिच्यासमोर रिकामा केला.

आता काय अडलं ते मला लॉगमधून कळणार नाही, तीच सांगेल. झोपायच्या आधी पहिली मागणी आलीसुद्धा: नासाची साइट. यादीत घातली.