हॅमर ब्रोकडून मिळालेला हातोडा

"मावशी, आता तूच मार यांना," असं म्हणून भाच्यानं कंट्रोलर माझ्या हातात दिला. दोनदा हरल्यावर त्याचा चेहरा अगदी पडला होता. समोर सुपर मारिओ आरपीजी हा व्हिडिओ गेम, 2023 ची नवी आवृत्ती. मशरूम वे या वाटेच्या शेवटी मारिओच्या मित्राला, टोडला, अडवून उभे असलेले दोघे हॅमर ब्रो, म्हणजे हातोडे फेकणारे शत्रू. मी कंट्रोलर घेतला नाही. या दोघांना ज्यानं त्यानं स्वतःच हरवायचं असतं, असं माझं ठाम मत आहे.

तशी ही किरकोळ मंडळी. प्रत्येकाची एचपी, म्हणजे मार सोसायची ताकद, फक्त 50. पुढच्या बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूंच्या, मानानं काहीच नाही. पण इथवर मारिओ एकटा असतो, त्याचा साथीदार मॅलो अजून भेटलेला नसतो, आणि हातात शस्त्र म्हणून काही नाही, नुसत्या मुठी. त्यामुळे हे दोघे जड जातात.

मी त्याला एवढंच म्हटलं, "मारायचं विसर. त्यांचा हातोडा बघ." तो आपल्या पाळीला बटण नीट दाबत होता, त्यांच्या पाळीला मात्र कंट्रोलर मांडीवर ठेवून मार खात बसायचा. या खेळात बचावालाही वेळ साधावी लागते. घाव बसणार त्याच क्षणी बटण दाबलं तर लागतच नाही. तिसऱ्या खेपेला तो पुढे सरकून बसला. पहिला हातोडा आला तेव्हा घाईत आधीच दाबलं. दुसऱ्याला थोडा उशीर. तिसरा बरोबर अडवला आणि हा मोठ्यानं ओरडला.

1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्स या खेळात 3-1 या टप्प्यात हॅमर ब्रो जोडीनं पहिल्यांदा भेटतात, वरून हातोड्यांचा मारा करतात, आणि मारिओला त्यांच्याखालून कसंबसं निसटावं लागतं. मूळ आरपीजी 1996 ची. म्हणजे अकरा वर्षं ज्या हातोड्यापासून पळायचं, तोच इथे हे दोघे हरले की मारिओच्या हाती येतो. पुढे पेपर मारिओ या खेळांमध्ये तर हातोडा म्हणजे मारिओचं नेहमीचं हत्यारच झालं. इतकी सुंदर कल्पना एका छोट्या शत्रूच्या वाट्याला आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दोघे पडले. भाच्यानं मेनू उघडून हातोडा लावला आणि पुढे जायचं सोडून वाटेवरचे गूम्बा, म्हणजे छोटे साधे शत्रू, शोधायला मागे वळला. दाबायची वेळ दाखवणारं उद्गारचिन्ह या आवृत्तीत येतं, आणि तुमचा हात बसत गेला की यायचं थांबतं. चारपाच गूम्बांनंतर ते दिसेनासं झालं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. अंगठा बरोबर वेळेवर पडत होता.