श्रोत्यांचे प्रश्न आता ऐकू येतात

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की आता काही दिवस एकाच गोष्टीच्या मागे लागणार. व्याख्यान संपल्यावर सभागृहातून जे प्रश्न येतात, ते वक्त्याच्या उत्तराइतकेच स्वच्छ रेकॉर्ड व्हायला हवेत. ते बऱ्यापैकी जमायला लागलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

एवढा आग्रह का, तर हे पुणं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला या शहरात आजही भरते. इथली माणसं व्याख्यानाला नुसती ऐकायला जात नाहीत, विचारायलाही जातात. एस. एम. जोशी सभागृहात किंवा पत्रकार भवनात नदी, पाणी, शाळा अशा विषयावर कार्यक्रम असला की श्रोत्यांत कुणीतरी निवृत्त अभियंता नाहीतर शिक्षिका असतेच, जिने त्याच कामात आयुष्य घातलंय. तिच्या प्रश्नाने वक्ता तासभर जे बोलला नाही ते बोलतो. आणि रेकॉर्डिंगमध्ये काय उरतं? थोडी खुसपुस, पंख्यांची घरघर, आणि मग वक्त्याचं “फार चांगला प्रश्न विचारलात.” ज्या छोट्या संस्थांसाठी आपण चित्रीकरण करतो, त्यांच्याकडे पुढे जतन होऊन राहतं ते हेच. त्यातला अर्धा संवाद हरवलेला असणं मला पटत नाही.

वक्त्याचा आवाज सोपा आहे. सभागृहाच्या मिक्सरमधून (सगळे माइक जिथे जोडलेले असतात ते यंत्र) लाइन आउट, म्हणजे तारेने थेट येणारा आवाज, घ्यायचा आणि खबरदारी म्हणून वक्त्याला आपला स्वतंत्र कॉलर माइक लावायचा. साउंडवाल्या दादांशी कार्यक्रमाआधी चहा घेतलेला असला की निम्मं काम होतं. लाइन आउटमध्ये गुणगुण आली तर बहुतेक वेळा ती विजेच्या ५० हर्ट्झची असते. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधली थेट विद्युत जोडणी तोडून फक्त आवाज पुढे जाऊ देणारी छोटी डबी) टाकला की जाते.

खरी मेहनत श्रोत्यांच्या माइकवर. फिरता माइक सगळीकडे असतो, पण तो पोचेपर्यंत पहिलं वाक्य होऊन गेलेलं असतं. शिवाय हातात माइक आला की बोलता बोलता तो हळूहळू पोटाशी येतो. आता दोन फिरते माइक आणि दोन स्वयंसेवक. एकाचं उत्तर चालू असतानाच दुसरा पुढच्या हात वर केलेल्या माणसाजवळ जाऊन उभा राहतो. आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो या नियमाने: माइक श्रोत्याच्या हातात द्यायचा नाही, स्वयंसेवकानेच धरायचा, हनुवटीपासून चार बोटांवर. आधी पाच मिनिटं मुलांकडून हे करून घ्यावं लागतं.

तरी एक आजोबा असतातच. “मला माइक लागत नाही, माझा आवाज पोचतो,” म्हणून उभे राहतात, आणि सभागृहात तो पोचतोही! त्यांच्यासाठी स्टेजच्या कडेला बुटक्या स्टँडवर श्रोत्यांकडे तोंड केलेला शॉटगन माइक (मुख्यतः समोरच्या दिशेचा आवाज टिपणारा लांबट माइक) ठेवलाय. कॅमेऱ्यावरचा माइक इथे चालत नाही, कारण मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि बंद सभागृहात वर घुमणं येतं. या शॉटगन माइकचा ट्रॅक वेगळा आणि ३२ बिट फ्लोटवर (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज सामावून घेणारी रेकॉर्डिंगची पद्धत) रेकॉर्ड करते, म्हणजे कुणी अचानक चढ्या आवाजात बोललं तरी तो फाटत नाही.

संकलनात हा ट्रॅक फक्त प्रश्नापुरता उघडायचा, एरवी बंद. १०० हर्ट्झच्या खालचं कापलं की पंख्यांची घरघर बरीच कमी होते. नॉइज रिडक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरने मागचा गोंगाट कमी करणं, मात्र बेतानेच द्या. जास्त झालं की स, श, च यांची धार जाते आणि मराठी कानाला ते लगेच खटकतं. थोडा पंखा ऐकू आलेला परवडला.

चित्राबद्दल नवीन काही नाही: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट लुकलुकत नाहीत. स्लाइड पडद्यावरून टिपण्यापेक्षा वक्त्याकडून फाइल मागून घेते.

प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा दाखवायचा का, यावर मी ठाम आहे. सूत्रसंचालकाने सुरुवातीला चित्रीकरणाची सूचना द्यायची आणि तरीही दुसरा कॅमेरा श्रोत्यांच्या पाठीमागेच ठेवायचा. कुणी स्वतःच्या घरच्या पाण्याबद्दल किंवा मुलाच्या शाळेबद्दल बोलत असतं. ते जगभर दिसावं असं त्यांना वाटेलच असं नाही. चेहऱ्याऐवजी खालच्या पट्टीवर प्रश्न मराठीत, त्यांच्याच शब्दांत लिहिते. शाल-श्रीफळ आणि आभार वेगळ्या फाइलमध्ये संस्थेला देते. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली वक्त्याची शांतता मात्र कापत नाही, कारण तिथे तो विचार करत असतो.

यूट्यूबवर प्रत्येक प्रश्नाला आता स्वतंत्र प्रकरण (चॅप्टर) आहे, म्हणजे थेट त्या प्रश्नावर जाता येतं. त्यासाठी व्हिडिओच्या वर्णनात द्यायची वेळांची यादी ०:०० पासून सुरू व्हावी लागते, किमान तीन नोंदी लागतात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा हवा. संस्थेच्या कार्यकर्त्या आता पूर्ण व्हिडिओऐवजी नेमक्या प्रश्नाचीच लिंक वस्तीतल्या गटांना पाठवतात.

बाल्कनी असलेल्या सभागृहाचं कोडं अजून सुटलेलं नाही. वरून येणारा प्रश्न स्टेजवरच्या माइकला फार लांब पडतो आणि स्वयंसेवकाला जिना चढेपर्यंत उशीर होतो. पुढच्या वेळी वर तिसरा माणूस आणि वायरलेस माइक ठेवून बघणार आहे. कुणी हे केलं असेल तर त्या माइकचा आवाज पकडणारा रिसीव्हर कुठे ठेवला ते जरूर सांगा.