रेशनकार्डावरची नावं

शेजारच्या आजोबांनी घर विकायला काढलं, तेव्हा त्यांच्या गॅरेजमधून मी 25 डॉलरला आयबीएमचा जुना पीसी उचलून आणला. 1981 साली बाजारात आलेलं 5150 हे मॉडेल. न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये माझ्या असल्या खरेदीचा एक कोपराच आहे. बायकोने विचारलं, "अहो, हे चालतं का?" म्हटलं, "चालेल." वर्तमानकाळातल्या प्रश्नाला मी भविष्यकाळात उत्तर दिलं, हे तिच्या लक्षात आलंच.

झाकण काढलं. मदरबोर्डवर 256 केबी मेमरी, म्हणजे चिपांच्या चार रांगा, दर रांगेत नऊ. आठ चिपा काम करणाऱ्या आणि नववी पॅरिटीची, म्हणजे चूक पकडणारी, त्यांच्यावरची मुकादम. शिवाय एका स्लॉटमध्ये एएसटी कंपनीचं सिक्सपॅकप्लस हे लांबलचक कार्ड. एएसटी म्हणजे अल्बर्ट, सफी आणि टॉम. वाँग, कुरेशी आणि युएन अशी त्यांची आडनावं. तिघंही बाहेरून अमेरिकेत आलेले, त्यामुळे कार्डाबद्दल मला उगाच आपुलकी वाटली. त्यावर 384 केबी मावते, पण भरलेली एकच रांग होती, 64 केबी. उरलेल्या पाच रांगांचे सॉकेट रिकामे. 256 आणि 384 मिळून बरोबर 640 होतात, आणि डॉसला, म्हणजे या पीसीच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, थेट वापरता येणारी जागाही साधारण तेवढीच. इतका जमलेला हिशोब बघून कुणाचा हात शिवशिवणार नाही? 45 चिपा मागवल्या.

आताच्या लॅपटॉपमध्ये मेमरी खटकन बसवली की काम झालं, मशीन स्वतःच मोजून घेतं. या पीसीला मात्र आपल्या पोटात काय आहे ते आपण सांगावं लागतं. मदरबोर्डवर बारीक खटक्यांच्या दोन पट्ट्या आहेत, एकेकीवर आठ खटके. फ्लॉपी ड्राइव्ह किती, पडदा रंगीत की साधा, मदरबोर्डवर मेमरी किती, हे सगळं पहिल्या पट्टीवर. एकूण मेमरी किती ते दुसऱ्या पट्टीवर. वर कार्डाचे आठ खटके वेगळे: माझी मेमरी कुठून सुरू होते आणि किती आहे. खटके बॉलपेनच्या टोकाने सरकवायचे. पेन्सिल नको, शिशाची पूड आत जाते.

मला आमचं सांगलीचं रेशनकार्ड आठवलं. घरात माणसं किती, याला काही अर्थ नसे. कार्डावर नावं किती, तेवढीच साखर. धाकटी बहीण चालायला लागली तरी तिचं नाव चढलेलं नव्हतं. इथेही तसंच. 640 केबी बसवली आणि खटक्यांवर 320 लिहिलेली राहिली, तर मशीन 320 वरच गुण्यागोविंदाने संसार करतं. उरलेली मेमरी घरात असून उपाशी. (सुरुवातीच्या पीसींना तर 544 केबीच्या पुढची नावं लिहिलेली कळायचीच नाहीत. माझ्या पीसीतला बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम, ऑक्टोबर 1982 चा, म्हणून निभावलं.) उलट, नसलेलं माणूस दाखवलं तर मशीन थेट पंचनाम्याला येतं. पडद्यावर 201 उमटतो, मेमरीत गडबड असल्याचा कोड.

माझ्याकडे सगळी माणसं हजर होती, खटके तीनदा तपासले होते, तरी 201 आलाच.

या 201 च्या आधी काही आकडे येतात. पहिले सांगतात रांग कुठली, पुढचे सांगतात त्या रांगेतली चिप कुठली. कोड वाचून शोधत गेलो तर गुन्हेगार कार्डाच्या दुसऱ्या रांगेत, म्हणजे मी बसवलेल्यांपैकीच. वरून बघताना चिप अगदी नीट बसलेली. पातळ स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढली, तेव्हा दिसलं: सोळा पायांपैकी एक पोटाखाली दुमडून बसला होता. चिपेचे पाय नवीन असताना जरा फाकलेले असतात. टेबलावर आडवी धरून दोन्ही बाजू थोड्या आत दाबून घ्यायच्या, मग सॉकेटमध्ये घालायची. पहिल्या वीसेक चिपांना मी ते इमानाने केलं होतं. पुढे हात बसला असं वाटलं. 45 गुणिले 16, म्हणजे 720 पाय. त्यातला एकच वाकडा गेला, ही मी माझी बाजू मांडतो.

चिमट्याने पाय सरळ केला, तुटेल या भीतीने श्वास रोखून. पुन्हा बसवली. खाच बाकीच्यांच्या दिशेला आहे ना, ते दोनदा पाहिलं. बटण दाबलं. 640 केबी तपासायला या मशीनला मिनिटाच्या वर लागतं, आणि तेवढा वेळ कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकत असतो. मी खुर्चीत न बसता उभाच.

एक बारीक बीप. मग फ्लॉपीची घरघर. डॉस आल्याआल्या डिस्क आणि मेमरीचा हिशोब दाखवणारी चेकडिस्क ही आज्ञा चालवली. शेवटून दुसऱ्या ओळीत एकूण मेमरी: 655360 बाइट, म्हणजे पुरती 640 केबी.

बायको कपड्यांची टोपली घेऊन खाली आली, वॉशिंग मशीनकडे वळली. तिने काही विचारलं नव्हतं. मीच म्हटलं, "चालतं."