आकातेनांगो चढण्याआधी
आजचा अख्खा दिवस ग्वाटेमालातल्या आकातेनांगो ज्वालामुखीच्या (३,९७६ मीटर) तयारीत गेला. धुमसतो तो शेजारचा फुएगो ज्वालामुखी. त्याची ताजी स्थिती निघायच्या सकाळी पुन्हा बघायचीच, आदल्या रात्रीची बातमी पुरत नाही. पायथ्याच्या ला सोलेदाद गावाहून चढ सुमारे १,५०० मीटर, म्हणून उंचीची सवय व्हायला आधी २ रात्री अँतिग्वा शहरात काढाव्यात. तरीही डोकं ठणकून उलट्या झाल्या तर खाली उतरणं हाच उपाय. माथ्याजवळ भुसभुशीत राख: दोन पावलं वर, एक मागे. काठ्या हव्यातच. पाणी माणशी ४ लिटर. राखेत कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा बरा. फुएगोच्या धारेवर मात्र कृपा करून जाऊ नका. तापलेले दगड उडतात आणि आडोसा कुठेच नाही. ३ जून २०१८ ला याच फुएगोच्या तप्त राखेच्या लोटांखाली सान मिगेल लोस लोतेस गाव गाडलं गेलं.