भरलेल्या डिस्कचा आरसा

छापखान्याच्या मालकांनी टेबलावर दोन वस्तू मांडून ठेवल्या होत्या: २ टीबीची एक नवी हार्ड डिस्क आणि दोन डिस्क मावतील असा यूएसबीचा डबा. डब्याच्या पाठीला एक चिमुकला स्विच. जुनी आणि नवी डिस्क आत सरकवायची, स्विच मिररवर (म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच लिहिले जाईल अशा मोडवर) न्यायचा, शेजारचे बटण टाचणीने दाबायचे की काम फत्ते, असे कुणीतरी त्यांना सांगितले होते. फत्ते झालेच असते, पण सगळ्या फायलींसकट. असल्या डब्यात मोड बदलून बटण दाबले की डबा दोन्ही डिस्क कोऱ्या धरतो आणि नवी मांडणी लिहितो. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात एका ओळीत असते. कामाच्या घाईत ते कोण वाचणार?

फोंड्याचा हा छापखाना. लग्नपत्रिका, जत्रोत्सवांची पत्रके, नाटकांच्या हस्तपत्रिका, देवस्थानांच्या स्मरणिका. पेजमेकर आणि श्रीलिपीच्या काळापासूनच्या फायली एकाच २ टीबी डिस्कवर होत्या, त्यातली १.३१ टीबी जागा भरलेली. मशीन उबुंटू लिनक्सचे, सिस्टम वेगळ्या एसएसडीवर, आणि डीटीपीचे तीन संगणक सांबामार्फत (नेटवर्कवरून फायली वाटून देणारा प्रोग्रॅम) या डिस्कवर काम करणारे. मागणी साधी होती: एक डिस्क गेली तरी काम थांबू नये आणि आहे ते जाऊ नये.

यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड. मिरर तयार होतो म्हणजे एका डिस्कवरचे दुसरीवर उतरते. कुठून कुठे, हे चुकले तर कोरी डिस्क इमानेइतबारे भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि वर मिरर निरोगी असल्याचा संदेशही येतो. म्हणून पहिले काम मिररचे नव्हेच. पहिले काम तिसऱ्या प्रतीचे.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला माझ्याकडच्या ४ टीबी बाह्य डिस्कवर आरसिंक या नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत काढायला लावली. सोबत नव्या डिस्कची स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची) लांब चाचणीही सुरू केली. २ टीबीला ती साधारण चार तास घेते. नवी डिस्क खोक्यातूनच आजारी निघणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

शनिवारी सकाळी आठला, धो धो पावसात, नोंद उघडली. नवी डिस्क उत्तीर्ण. आरसिंक मात्र कोड २३ देऊन थांबलेले. २४ असता तर मधल्या वेळात एखादी फाइल हलली, एवढाच अर्थ. २३ म्हणजे काही मजकूर वाचताच आला नाही. वर पाहिले तर दोन फायलींपुढे इनपुट-आउटपुट एरर.

जुन्या डिस्कचे स्मार्ट तपासले. चालू तास ५१ हजारांवर, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे अखंड. नोंदीतला क्रमांक ५, बदललेले सेक्टर (डिस्कवरचे मजकुराचे छोटे कप्पे): ८. क्रमांक १९७, वाचता न येणारे पण अजून न बदललेले: १६. हल्लीच्या डिस्कमध्ये खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२चे आठ म्हणून दाखवला जातो. त्यामुळे १६ म्हणजे खरे दोनच. दोन सेक्टर, दोन फायली, हिशेब जुळला. क्रमांक १९९, वाटेत झालेल्या चुका, हाही तीनशेच्या वर होता, पण तो डिस्कचा दोष नव्हे, तिला मशीनशी जोडणाऱ्या साटा केबलचा. कनेक्टरवर काळसर थर बसला होता. पावसाळ्यात आपल्याकडे तो बसतोच. केबल बदलली आणि आकडा तिथेच थांबला.

“कितें जालें बाब?” मालकांनी दारातूनच विचारले.

“शेट, जुनी डिस्क जोडीला चालायची नाही. आणखी एक नवी लागेल.”

त्यांच्या चेहऱ्यावर खर्चाची आठी उमटली, पण दोन फायलींची नावे दाखवल्यावर ती गेली. मुलाला पणजीला पाठवले, चिठ्ठीवर मॉडेलचा क्रमांक लिहून. काउंटरवर हमखास स्वस्तातली पुढे करतात आणि ती बहुधा एसएमआर असते. तिचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. नुसत्या साठवणीला ठीक, पण मिरर भरताना सलग लिहू लागलो की थोड्या वेळाने वेग कोसळतो. पट्टे सुटे असलेली सीएमआरच हवी, आणि शक्यतो पहिलीच्याच खोक्यातली जुळी बहीण नको.

तोवर त्या दोन फायलींवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून निघेल तेवढे काढणारा प्रोग्रॅम) चालवले, थेट वाचन आणि तीन फेऱ्या. हे पूर्ण डिस्कवरच चालवावे लागते असा समज आहे, पण ते एकेका फाइलवरही चालते. एक फाइल तिसऱ्या फेरीत पूर्ण आली. दुसरीचे ४०९६ बाइट गेले: जुन्या स्मरणिकेतले एक चित्र, मधे आडवी पट्टी. त्याची छापायला दिलेली पीडीएफ डीटीपीवाल्या ताईंकडे निघाली.

मग खरा प्रश्न, जो लोक नेहमी विचारतात: भरलेल्या डिस्कलाच थेट मिरर का नाही करायचे? लिनक्सचे एमडी (मिरर सांभाळणारा भाग) आपली खूण डिस्कवर लिहिते. नेहमीच्या १.२ प्रकारात ती सुरुवातीजवळ, चौथ्या केबीवर बसते आणि मजकुराची सुरुवात पुढे ढकलली जाते. जुनी फाइल सिस्टम (फायलींची मांडणी) जिथे होती तिथे मग कुणी पाहतच नाही. १.० प्रकारात खूण शेवटी बसते, पण तिथे फाइल सिस्टमचेच शेवटचे ब्लॉक असतात, म्हणून आधी ती आखडून घ्यावी लागते. हे जमते, पण दुखऱ्या डिस्कवर नाही. शिवाय दोन डिस्क देऊन नवा मिरर केला की पहिलीवरून दुसरीवर नक्कल सुरू होते, आणि क्रम उलटा टंकला तर सांगून सोय नाही.

म्हणून अर्धा मिरर. एमडीएडीएमला (एमडीला आज्ञा देणारे साधन) सांगायचे की दोन डिस्कचा रेड-१, म्हणजे मिरर, कर, पहिली ‘मिसिंग’ आहे आणि दुसरी ही नवी. जुनीला हात लागत नाही. त्याआधी एक सवय: लिनक्स डिस्कना देते त्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबायचे नाही, मशीन पुन्हा सुरू झाले की ती बदलू शकतात. डिस्कच्या लेबलावरच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार अक्षर-आकडे कागदावर लिहून घ्यायचे आणि प्रत्येक आज्ञेपूर्वी ताडून पाहायचे. विभागणीचा तक्ता जीपीटी, एकच पार्टिशन, शेवटी १०० एमबी मोकळी. नाहीतर उद्या दुसऱ्या कंपनीची डिस्क चार सेक्टरांनी लहान निघाली तर ती घेतलीच जात नाही.

फाइल सिस्टम ईएक्सटी४. इथे एक बारकावा: ती मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टमच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवते. २ टीबीत ते १०० जीबी होतात. नुसत्या फायलींच्या डिस्कला १ टक्का पुरे.

सव्वानऊला बाह्य प्रतीवरून अर्ध्या मिररवर नक्कल सुरू केली. आरसिंकला ए, एच, ए, एक्स ही चारही अक्षरे लागतात, त्यातला पहिला ए लहान लिपीतला आणि बाकीची मोठ्या. हार्डलिंक, परवाने, जास्तीचे गुणधर्म, काही सुटायला नको. डुगडुगणाऱ्या डिस्कला पुन्हा चार तास पळवायचे नाही, म्हणून स्रोत बाह्य प्रत. ११:५०ला वीज गेली. ६०० व्हीएचा यूपीएस बारा मिनिटे टिकतो हे आधी मोजले होते, म्हणून आठव्या मिनिटाला आरसिंक थांबवून मशीन नीट बंद केले. चाळीस मिनिटांनी वीज आली, तीच आज्ञा पुन्हा दिली, आणि झालेले ओलांडून काम पुढे सरकले.

अडीचला नक्कल संपली. सांबा सकाळपासून बंदच होता, त्यामुळे मधे बदललेले काही नव्हते. तरी चेकसमने (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने) ताडून पाहिले, नुसते पाहणे, काही न लिहिता. यात दोन्हीकडचा बाइट न् बाइट वाचला जातो, साडेतीन तास गेले. फरक शून्य. ताई मधे दोनदा विचारून गेल्या, “फाइल उघडते ना, मग अजून काय बघता?” उघडणारी फाइल पूर्ण असतेच असे नाही, हे त्या आडव्या पट्टीने सकाळीच दाखवले होते.

संध्याकाळी पणजीहून आलेली दुसरी नवी डिस्क लावली, तसेच पार्टिशन केले, मिररमध्ये ‘ॲड’ केली. मिररची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये ‘_यू’ दिसत होते, म्हणजे दोनपैकी एकच डिस्क तयार, आणि खाली टक्का. सुरुवातीला १८० एमबी प्रतिसेकंद, डिस्कच्या आतल्या कडेकडे शंभराच्या खाली. म्हणून सुरुवातीला दाखवलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नये. तीन तास सांगितले जातात आणि चार लागतात.

भरत असताना मिररची मांडणी एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहिली आणि मशीन सुरू होताना आधी वाचले जाणारे इनिटरॅमएफएस नवे केले. हे राहिले की पुढच्या वेळी मिरर एमडी१२७ या नावाने उगवतो. कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅबमध्ये यूयूआयडी (मिररची न बदलणारी ओळख) आणि ‘नोफेल’, नाहीतर मिरर नसला की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसते. जोडायची जागा जुनीच ठेवली, त्यामुळे डीटीपीच्या संगणकांना काही बदल कळलाच नाही.

रविवारी सकाळी ‘यूयू’. मग मुद्दाम बिघाड केला: मशीन बंद, एका डिस्कची केबल काढली, पुन्हा चालू. अर्धा मिनिट जास्त लागला, कारण सिस्टम तीस सेकंद हरवलेल्या डिस्कची वाट पाहते. मग एकटीवर सुरू झाले. एक फाइल सेव्ह केली, केबल परत लावली, ‘री-ॲड’ केले. बिटमॅप (कुठे बदल झाला त्याची नोंद) असल्याने तेवढाच बदल भरला, काही सेकंदांत. शेवटी ‘चेक’, विसंगती शून्य. मिरर अर्धा पडला की मालकांच्या फोनवर मेल जाईल अशी सोय केली. नाहीतर एक डिस्क मरते, काम चालूच राहते, आणि दुसरी मरते तेव्हाच लोकांना कळते.

मालकांचा भाचा म्हणाला, त्याच्या विंडोजवर हेच करता येईल का. होम आवृत्तीत नाही. प्रो असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन्ही डिस्क डायनॅमिक करून भरलेल्या व्हॉल्यूमवर उजवे क्लिक, ‘ॲड मिरर’. फायली राहतात. पण मागे फिरून बेसिक करायचे तर व्हॉल्यूम पुसावे लागतात, आणि सेक्टर खराब असला तर भरणे मधेच मोडते. स्टोरेज स्पेसेसच्या वाटेला जाऊ नकोस, तिथे डिस्क आधी पुसली जाते.

जुनी डिस्क पुसली नाही. अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह, तारीख लिहून कपाटात ठेवली. मिरर चुकून खोडलेले खोडलेच ठेवतो, तेही दोन्हीकडे, म्हणून महिन्यातून एकदा प्रत काढायला ४ टीबीची आणखी एक डिस्क घ्यायला लावली. ती मालकांच्या त्या डब्यात बसवली, एकटी, स्विच ‘सिंगल’वर. स्विचवर आणि बटणावर पॅकिंगची टेप डकवली आहे, दोन थर.